पासपोर्ट शोधून ठेवा

टोरांटो, एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्रवासाचं सगळं फोनवर सांगून झालं असं तुम्हाला वाटत असेल. पण आई "जेवलीस काय?" आणि "थंय किती वाजले?" ह्याच्या पुढे जाऊ देत नाही आणि बाबा फोनपासून चार हात लांब बसून नुसते हुंकार देतात. म्हणून लिहायला बसले. शिवाय मला एक माफी मागायची आहे, ती फोनवर जमली नसती.

दिवाळीत बाबा सहज म्हणाले होते, "आम्हालाही न्या की एकदा वेस्ट इंडिजला." मी फटकन म्हणाले, "तिथे तुम्हाला खायला काय मिळणार? आणि समुद्रच बघायचा तर मालवण सोडून एवढ्या लांब कशाला?" बाबा हसले आणि आंब्याच्या मोहोरावर घसरले. ते माझ्या मनात राहिलं होतं. आता मार्चच्या सुट्टीत बारा दिवस त्रिनिदाद, टोबॅगो, ग्रेनाडा आणि बार्बाडोस फिरून आले आणि खाण्याबद्दल मी किती मूर्खासारखं बोलले ते कळलं.

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन, तिथली पहिलीच सकाळ. साडेसहा वाजलेले. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली एक बाई टेबल मांडून उभी, समोर ऑफिसला निघालेल्यांची ही गर्दी. फडक्यात गुंडाळून ठेवलेले, हळदीने पिवळे झालेले मऊ वडे आणि शेजारी चण्यांचं भलंमोठं भांडं. डाव्या हातावर कागद, कागदावर दोन वडे अर्धे एकमेकांवर चढवलेले, त्यावर डावभर चणे, चिंचेची चटणी, किसलेली काकडी. मग मान वर न करता प्रश्न, "स्लाइट?" म्हणजे मिरची थोडीच घालू ना? कागदाची दोन टोकं धरून पुडी गरकन फिरवली की पुढचं गिऱ्हाईक. पदार्थाचं नाव डबल्स, कारण वडे दोन. आणि एकेका वड्याचं नाव काय, तर 'बारा'. भोजपुरीतला बरा, म्हणजे वडाच. तुमच्या जावयाने मालवणी माणसाच्या ऐटीत "प्लेंटी" सांगितलं. तिथली मिरची दिसायला गुबगुबीत आणि गोजिरवाणी असते. नंतर अर्धा तास ते नारळवाल्याकडेच उभे होते.

३० मे १८४५ रोजी फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून निघालेले मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. गुलामगिरी संपल्यावर ऊसमळ्यांना माणसं हवी होती. १९१७ पर्यंत करारावर सुमारे १ लाख ४० हजार माणसं तिथे गेली, बहुतेक बिहार-पूर्व उत्तर प्रदेशातली. आम्ही उतरलो त्या घराची मालकीण त्यांच्यातलीच, तुझ्याच वयाची असेल, आई. हिंदीचं एक वाक्य येत नाही. पण स्वयंपाकघरात माझ्याशी इंग्रजीत बोलता बोलता म्हणाली, "नाऊ आय विल चंके द दाल." छौंक म्हणजे फोडणी, त्याचं तिने क्रियापद केलेलं! जिऱ्याला गीरा, हळदीला हर्दी, वांग्याच्या भरताला बैगन चोका. वांगं आपण भाजतो तसंच जाळावर भाजलेलं, आत लसणीच्या पाकळ्या खोचून.

रविवारी तिने कालालू रांधला. झाकण काढलं आणि मला आपली मागची पडवी आठवली. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध, सगळं शिजवून घोटलेलं. आपल्या फदफद्याची सख्खी बहीण, फक्त चिंचेऐवजी एक अख्खी मिरची वर तरंगत ठेवलेली, ती फुटता कामा नये. मी तिला म्हटलं, आमच्याकडे ह्यात शेंगदाणे आणि काजू घालतात. तिने अशा नजरेने बघितलं, जसं तू मुंबईच्या काकूच्या सोलकढीतल्या साखरेकडे बघतेस.

मराकस बीच डोंगरापलीकडे. घाट नागमोडी, दोन्ही बाजूंना रान, खाली नारळीची रांग. तिथे बेक अँड शार्क खातात, म्हणजे तळलेल्या पावात तळलेली मोरी. हो, मोरीच! बाबा, तुम्ही जिच्यासाठी सकाळी सहाला लिलावाला जायचात ती. वर आंबट-तिखट चटण्या आपल्या हाताने घालून घ्यायच्या, त्यात एक शॅडो बेनीची. त्या पानाला कोथिंबिरीचा वास, पण दसपट. हल्ली मोऱ्या कमी झाल्यात म्हणून काही टपऱ्यांवर दुसरा मासा देतात, ते मला बरंच वाटलं.

पण मला त्या किनाऱ्यावर खरं आवडलं ते वेगळंच. जाहिरातीत दाखवतात तशी आडवी पडलेली माणसं तिथे फारशी नव्हतीच. पातेलीच्या पातेली घेऊन आलेली कुटुंबं होती. आजी खुर्चीवर, मांडीवर डबा, पोरं पाण्यात, कुणीतरी भाताचं पातेलं उघडतंय. समुद्रावर जाणं म्हणजे डबा घेऊन जाणं! आपण मालवणात राहून हे कधी केलं नाही. आपल्याकडे समुद्र एकतर कामाचा, नाहीतर गणपती विसर्जनाचा, आणि मजेचा असला तर तो पाहुण्यांचा.

बाबा, तुमच्यासाठी दोन ठिकाणं केली. एक क्वीन्स पार्क ओव्हल. मार्च १९७१, वाडेकरांचा संघ, गावसकरांची पहिली कसोटी, ६५ आणि नाबाद ६७, आणि आपल्या मडगावच्या सरदेसाईंच्या ११२ धावा. वेस्ट इंडिजला आपण पहिल्यांदा हरवलं ते ह्याच मैदानावर. तुम्ही सातवीत होतात आणि पेपर दुपारच्या एसटीने यायचा, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की गेटवरच्या रखवालदाराला मीच सांगितली. त्याने आत सोडलं. नातीने गवताची एक काडी आणलीय तुमच्यासाठी, वहीत चिकटवून. कस्टमवाल्यांना कळवू नका.

दुसरं, वॉटर्लूचं समुद्रातलं देऊळ. शिवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधायला घेतलं. जागा साखर कंपनीची निघाली. १९५२ मध्ये देऊळ पाडलं आणि त्याला चौदा दिवस तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची, मग मी समुद्रात बांधतो. पुढची पंचवीस वर्षं सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन तो एकटा भर घालत राहिला. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, सगळीकडे चिखल आणि बगळे. सिंधुदुर्ग बघत वाढलेल्या माणसाला समुद्रातल्या बांधकामाचं काय कौतुक, असं वाटलं होतं. पण तिथे शिसं ओतायला राजा होता. इथे एका माणसाची सायकल.

ग्रेनाडा म्हणजे जायफळ. देशाच्या झेंड्यावरसुद्धा जायफळ आहे! गुयाव्ह गावात जायफळं वाळवायचं आणि निवडायचं जुनं लाकडी केंद्र आहे, जिन्यापासूनच वास सुरू होतो. एका बाईने फळ फोडून हातावर ठेवलं. तपकिरी कवच, त्यावर लाल जाळी, ओली जायपत्री. आपल्या वाडीतल्यासारखीच. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन वादळ आलं आणि जायफळाची बहुतेक झाडं एका दिवसात आडवी झाली. नवीन झाड धरायला सात-आठ वर्षं लागतात, तोवर काय खायचं, म्हणून पुष्कळांनी नाद सोडला. मी तिला २०२१ चं तौक्ते सांगितलं, आपली चार नारळाची झाडं आणि तो पायरीचा आंबा. ती म्हणाली, "सो यू नो." त्यावर बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

तिथला राष्ट्रीय पदार्थ ऑइल डाउन. आई, हे तू नीट वाच. आपला नीरफणस! मोठ्या पातेल्यात तळाशी खारवलेलं मांस किंवा खारा मासा, त्यावर नीरफणसाच्या फोडी, अळूची पानं, पिठाचे लांबट गोळे, हळद, आणि सगळं बुडेल एवढं नारळाचं दूध. ढवळायचं नाही. दूध आटत आटत फोडींत मुरतं आणि तळाला नुसतं तेल उरतं, म्हणून ते नाव. हा नीरफणस तिथला मुळीच नव्हे. कॅप्टन ब्लाय नावाच्या इंग्रजाने १७९३ मध्ये ताहितीहून रोपं आणली, गुलामांना स्वस्तात पोटभर घालता यावं म्हणून. आधीच्या खेपेला त्याच्या खलाशांनी बंड करून त्याला होडीत सोडून दिलं होतं, तरी गडी परत गेला. तू करतेस तसे रवा लावून काप मी तिथल्या एका घरी करून दाखवले. पातेलं राहिलं बाजूला, सगळे कापांवरच तुटून पडले.

एक गोष्ट मात्र मी खाल्ली नाही. पाटीवर 'लांबी' लिहिलेलं, मला वाटलं शेवग्यासारखं काहीतरी लांब असेल. ते निघालं शंखातलं मांस. देवघरातला शंख डोळ्यांसमोर आला आणि मी मसूर-भातावर आले. जावयांनी खाल्ली. चांगली होती म्हणे, माकलासारखी.

बार्बाडोसबद्दल थोडक्यात, कारण तिथे आम्ही आपटलो. महाग तर आहेच. वर हॉटेलच्या फोटोतला पांढरा किनारा प्रत्यक्षात गुडघाभर तपकिरी शेवाळाखाली. सारगॅसम म्हणतात त्याला. २०११ पासून अटलांटिकमधून त्याचे तांडेच्या तांडे येतात आणि किनाऱ्यावर कुजले की सडक्या अंड्यांचा वास. हॉटेलवाल्याने "निसर्ग आहे" म्हणून हात वर केले, एक पैसा परत दिला नाही. शेवटी बसने पश्चिमेच्या बाजूला गेलो, तिथे पाणी तळ्यासारखं शांत आणि स्वच्छ. तिथल्या काही झाडांवर लाल पट्टा मारलेला असतो. मॅन्चिनील. फळ छोट्या सफरचंदासारखं, पण विषारी, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तर अंगावर फोड येतात. मी नातीला सांगितलं, हा इथला बिब्बा, लांब राहायचं. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे भाजतात तिथे गेलो. फळ्यावर 'डॉल्फिन' वाचून तिने भोकाड पसरलं. तो डॉल्फिन नव्हेच, माही-माहीला तिथे तसं म्हणतात. तो मासा दाखवला तेव्हा कुठे थांबली, आणि मग अर्धा तिनेच संपवला.

टोबॅगो मी मुद्दाम मागे ठेवलं, आई. ते तुझ्यासाठी आहे.

घोट्याच्या वर तू समुद्रात कधी गेली नाहीस. नारळी पौर्णिमेलासुद्धा नारळ बाबांच्या हातात देऊन तू मागे सरकतेस. टोबॅगोला काचेच्या तळाची होडी प्रवाळावरून नेते आणि मग भर समुद्रात एका जागी थांबते. किनारा लांब राहिलेला. आणि होडीवाला म्हणतो, उतरा. खाली पांढरी वाळू, पाणी कमरेएवढं. नायलॉन पूल म्हणतात त्याला. इंग्लंडच्या राजकन्येने, मार्गारेटने, ते नाव ठेवलं असं सांगतात. आमच्या होडीत त्रिनिदादच्या तीन आज्या होत्या, फुलाफुलांचे झगे, डोक्याला टोप्या. शिडीवरून एकीने दुसरीचा हात धरला, दुसरीने तिसरीचा. खाली उतरल्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहून, हात न सोडता, कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलायला लागल्या. एसटी स्टँडवर बोलावं तसं. त्यातली एक मला म्हणाली, इथे बुडी मारली की वय कमी होतं. मी तिला म्हटलं, माझ्या आईला बुडी मारायला लावणं तुम्हालाही जमायचं नाही. ती म्हणाली, घेऊन तर ये.

परत किनाऱ्यावर आल्यावर खेकडा आणि पिठाचे गोळे खाल्ले, नारळाच्या रश्शात. कुर्ल्या फोडायचं तंत्र सगळीकडे सारखंच, ते तुला कुणी शिकवायला नको.

खाण्याची काळजी खरंच नाही. तुझे सोमवार आणि चतुर्थी त्रिनिदादमध्ये आरामात निभतील, तिथेही पूजेच्या दिवसांत मांसमच्छी न खाणारी घरं भरपूर आहेत. एकादशीला तर विचारूच नकोस, रताळी, सुरणासारखे कंद, उकडलेली केळी ह्यांची अख्खी थाळी मिळते, तिला ते 'प्रोव्हिजन' म्हणतात. बाबांच्या साखरेचं मात्र बघावं लागेल, कारण तिथे सरबतं भयंकर गोड. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत जायचं म्हणतेय, पाऊस नसतो आणि वादळांचा मोसमही नाही. बार्बाडोस ह्या वेळी गाळू. टोरांटोपर्यंत तुम्ही या, इथे आठवडाभर थंडीत काढा, मग एकत्र निघू. विमानात साडेपाच तास, बाबांचे गुडघे तेवढं सोसतील. व्हिसाचं आणि तिकिटांचं मी बघते.

दोघांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. कपाटाच्या खालच्या खणात, एलआयसीच्या फाइलखाली होते. बाबांचा संपत आला असेल असं वाटतंय. फोटो काढून दादाच्या फोनवरून पाठवायला सांगा, तुम्ही पाठवलात की नेहमी बोटाचा येतो.

तुमची,
बाय

ता. क. आई, जायफळाची एक पुडी आणलीय, पण पाठवत नाही. इथे येशील तेव्हाच मिळेल.