अपक्षाला दहा सूचक कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यमान लोकप्रतिनिधीला आव्हान देणाऱ्याची वाट कायद्यानेच अरुंद केली आहे, आणि हे कायदे करणारे सभागृह विद्यमान सदस्यांचेच असते. १९९६च्या लोकसभा निवडणुकीत देशभर तेरा हजारांहून अधिक उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष जावे म्हणून मराठी भाषकांनी मोठ्या संख्येने अर्ज भरल्यामुळे एकट्या बेळगावात ४५६ उमेदवार रिंगणात होते. त्याच वर्षी संसदेने लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली (आज ती २५,००० आहे), अर्जमाघारी आणि मतदान यांतील किमान अंतर २० दिवसांवरून १४ दिवसांवर आले, आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक (अर्जावर सही करून उमेदवाराचे नाव सुचवणारा मतदार) पुरेसा ठेवून अपक्ष व लहान पक्षांच्या उमेदवारांना मात्र दहा सूचकांची अट घातली गेली.

अनामत निदान पक्षाच्या उमेदवाराला आणि अपक्षाला सारखी आहे. सूचकांच्या बाबतीत हा भेद कशासाठी? अपक्षाला चिन्ह मिळते तेच माघारीची मुदत संपल्यावर, आणि ते त्याने जेमतेम दोन आठवड्यांत गावोगाव पोहोचवायचे. समोरच्या खासदाराचे चिन्ह मतदारांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे असते, शिवाय वर्षाला पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीतून झालेल्या कामांवर त्याचे नाव झळकत असते.

खरी अडचण छाननीत येते. दहापैकी एक सही जरी ग्राह्य धरली गेली नाही, तरी तो अर्ज बाद होतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा निर्णय चुकीचा असला, तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ मुळे आणि पोन्नुस्वामी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९५२च्या निकालामुळे त्याविरुद्ध दाद निवडणुकीच्या निकालानंतरच, ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करून मागता येते. अशी याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक याचिका वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि तोवर निवडून आलेला सदस्य सभागृहात बसलेला असतो. ज्याला मतदारांपुढे उभेच राहू दिले नाही, त्याला इतक्या उशिरा मिळालेल्या न्यायाचा काय उपयोग?

तेव्हा सूचकांची संख्या सर्व उमेदवारांना एकच असावी, आणि छाननी व माघारी यांच्यात चार-पाच दिवस वाढवून तेवढ्यात बाद अर्जांवरील हरकतींचा निर्णय देणारे न्यायिक पीठ प्रत्येक राज्यात नेमावे. त्यासाठी मतदान आठवडाभर पुढे गेले तरी चालेल.

एक मतदार, कोल्हापूर