नव्वदी पार केलेले पाइप

बर्लिन, रविवार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

चकल्या पोहोचल्या. निम्म्या मोडल्या होत्या, तरी संपल्या.

बाबा, परवा तुम्ही हसून विचारलंत, "गटारांचं भविष्य सांगायचा पगार मिळतो तुला?" मिळतो. इथली मैलावाहिनी होब्रेख्त नावाच्या इंजिनिअरने आखली, काम १८७३ मध्ये सुरू झालं. शहराचे बारा भाग आणि दर भागाचं स्वतःचं पंपिंग स्टेशन. शंभरी ओलांडलेले पाइप अजून वाहतायत.

चाकांवरचा कॅमेरा मॅनहोलमधून आत सोडतात. तडे, सरकलेले सांधे, आत घुसलेली झाडांची मुळं, सगळं टिपतात. पण हजारो किलोमीटर दरवर्षी कोण बघणार? न पाहिलेल्या पाइपांचा अंदाज आम्ही बांधतो. पाइप कशाचा, कधी टाकला, किती खोल, वर झाडं आहेत का, यावरून. आई, गंमत म्हणजे काँक्रीटचा पाइप बऱ्याचदा आतून, वरच्या बाजूने कुजतो. तुंबलेल्या मैल्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो, वरच्या ओल्या भागावरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि काँक्रीट खडूसारखं भुसभुशीत होतं.

सुरुवातीला माझं गणित भलतंच सांगू लागलं: ऐंशी वर्षांनंतर पाइप सुधारतात! दोन दिवस डोकं धरून बसले. मग कळलं, जे फुटले ते कधीच उकरून बदलले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या नोंदीही गेल्या होत्या. यादीत उरले होते फक्त दणकट म्हातारे.

बाबा, तेव्हा तुमचीच आठवण झाली. "अण्णा एकदाही डॉक्टरकडे गेले नाहीत, नव्वदी पार केली," हे तुमचं ठरलेलं उत्तर. पण अण्णांचे धाकटे भाऊ? तेही डॉक्टरकडे गेले नाहीत, एक्कावन्नाव्या वर्षी बसल्या जागी गेले. त्यांचा फोटो माळ्यावर आहे, अण्णांचा दिवाणखान्यात.

तुमच्या पायाची सूज मी व्हिडिओ कॉलवर पाहिली आहे. धोतर ओढून घेतलंत, तरी दिसली.

आई, सोमवारी सकाळी यांना चहा देऊ नकोस, उपाशीपोटी लॅबमध्ये ने. आणि 'सगळं ठीक आहे' असं लिहू नकोस. रिपोर्टचे फोटो पाठव, सगळ्या पानांचे.

तुमची,
मनू