गाण्यात काय आहे तेही छापा

संपादक साहेब,
नवीन सिंगल आलं की पुरवणीत व्ह्यूज किती झाले तेवढंच येतं, गाण्यात आहे काय ते कोणी लिहीतच नाही. लंडनचा सॅम्फा, गातो पण स्वतः आणि प्रोड्यूस पण करतो, त्याचं 'ब्लड ऑन मी' हे गाणं 2016 ला आलं तेव्हा बऱ्याच जणांना तो ड्रेक आणि सोलान्ज या बड्या गायकांच्या गाण्यातला पाहुणा आवाज एवढाच माहीत होता. गाण्यात हुडीवाली माणसं त्याच्या मागे लागलीत, पण मला विचाराल तर तो पळतोय स्वतःच्याच भीतीपासून. पुढच्या वर्षी त्याच्या 'प्रोसेस' अल्बमला मर्क्युरी प्राइझ, म्हणजे तिकडचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार, मिळालं, ते असो.

माझा मुलगा बारावीला असताना रात्र रात्र हेच ऐकत बसायचा, मी ओरडायचे, अभ्यास सोडून काय हे, तर एकदा काही न बोलता त्याने एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला. पियानो, आणि त्या गायकाला लागलेली धाप, अगदी शेजारी उभं राहून कोणी धापा टाकतंय अशी. पोराच्या मनात काय चाललंय ते मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. अशा गाण्यांवर आठवड्यातून एक कॉलम तरी द्या ना.

- एक वाचक, पुणे