सही करण्याआधी : सरपंच झालेल्या मैत्रिणीस

पुणे,
रविवार

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

तुझं मनापासून अभिनंदन. थेट जनतेतून सरपंच म्हणून निवडून येणं, तेही सासरच्या गावात आणि दोन्ही गटांनी जोर लावलेला असताना, साधी गोष्ट नाही. फोनवर तू म्हणालीस, "मला भाषण येत नाही गं, मी कसलं नेतृत्व करणार?" तेव्हा आजूबाजूला माणसं होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

माझी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षणातली. ग्रामपंचायतींची दप्तरं तपासायची, हेच काम. त्यामुळे सरपंचांची भाषणं मी फार ऐकली नाहीत, पण त्यांच्या सह्या पुष्कळ पाहिल्या. कोऱ्या व्हाउचरवर आधीच करून ठेवलेल्या, तारीख नसलेल्या, प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) शेवटच्या ठरावाखाली दोन-तीन ओळी मोकळ्या सोडून केलेल्या. त्या मोकळ्या ओळींत पुढे काय लिहिलं जातं, ते सही करणाऱ्याला दोन वर्षांनी कळतं. ज्यांच्या नावावर वसुली निघाली, म्हणजे खिशातून पैसे भरायची वेळ आली, त्यांतले कितीतरी जण खुर्चीवर बसले तेव्हा सरळ माणसं होती. "ताई, एवढी सही करा, बिल अडकलंय, दुपारी बँक बंद होईल," असं कुणीतरी घाईत म्हणालं आणि त्यांनी केली. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला संकोच वाटला नाही, तिसऱ्यांदा तर विचारलंसुद्धा नाही. म्हणून मला तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सवय अगदी छोटी आहे : वाचल्याशिवाय सही करायची नाही. भाषण आलं नाही तरी चालेल. समोरचा ताटकळत उभा असताना शांतपणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची हिंमत मात्र पहिल्या आठवड्यातच कमवायला हवी, कारण पहिल्या आठवड्यात तू जशी वागशील तशीच पाच वर्षं वागशील, असं गाव गृहीत धरतं.

आता चेकबुकापेक्षा डिजिटल सही जास्त जपायची. वित्त आयोगाच्या निधीतलं बिल ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून अदा होतं आणि त्याला तुझी आणि ग्रामसेवकाची, अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. (ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणणार.) या सहीची डोंगल (संगणकाला लावायची, पेनड्राइव्हसारखी) बहुतेक ठिकाणी संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते आणि पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ असतो. म्हणजे सरपंच घरी भाकरी थापत असताना तिच्या सहीने पैसे गेलेले असतात. तुझी डोंगल तुझ्या कपाटात राहू दे. नोंदणीला मोबाइल नंबरही तुझाच दे, भाऊजींचा देऊ नकोस.

भाऊजींचा विषय निघालाच आहे तर लिहिते. ते चांगले आहेत, प्रचारात तुझ्यासाठी वणवण फिरले, हे मला माहीत आहे. पण त्यांना सोबत घेऊन फिरणं वेगळं आणि त्यांना खुर्चीवर बसवणं वेगळं. 1993 पासून बायकांना राखीव जागा मिळाल्या, 2011 मध्ये आपल्याकडे त्या निम्म्या झाल्या, आणि तरीही कितीतरी गावांत सरपंच कोण म्हणून विचारलं की पुरुषाचं नाव सांगतात. तू पहिल्याच मासिक सभेला एकटी जा. सभेत काय झालं ते रात्री घरी सांग, त्यांचा सल्लाही घे. पण गावातला माणूस काम घेऊन आला आणि "साहेब कुठे आहेत?" म्हणाला, तर "मी सरपंच आहे, बसा, मला सांगा," हे वाक्य तुझ्या तोंडून न चिडता, पुन्हा पुन्हा यायला हवं. तुझ्यानंतर ज्या बाईला ही खुर्ची मिळेल, तिला त्याचा उपयोग होईल.

आणि तुझे धाकटे दीर. त्यांचा जेसीबी आहे. उद्या गटारीचं काम निघेल, पाझर तलावातला गाळ काढायचा असेल, तेव्हा सगळे म्हणतील की घरचंच मशीन आहे, स्वस्तात होईल, यात वाईट काय? खरंच स्वस्तात होईलही. तरी नाही म्हण. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर पद जातं, हे कायद्यातच आहे. पण कायद्याची भीती घालून तू दिरांना थांबवावंस असं मला वाटत नाही. कामं निघायच्या आधीच, घरी सगळे जेवायला बसलेले असताना सांगून टाक, की पाच वर्षं आपलं मशीन आपल्या पंचायतीच्या कामावर जाणार नाही. आधी सांगितलं तर तो घरचा नियम होतो. टेंडर निघाल्यावर सांगितलंस तर दिरांना तो अपमान वाटेल आणि सासूबाईंना भांडण.

घरपट्टी आणि पाणीपट्टीचंही तसंच. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत न भरणाऱ्या सदस्याचं पद धोक्यात येतं, इतकं ते गंभीर आहे. वर्ष सुरू झालं की पहिली पावती तुझ्या नावाची फाटू दे. थकबाकीची यादी मी जेव्हा जेव्हा मागवते, तेव्हा आधी पदाधिकाऱ्यांची नावं बघते. ज्या गावांत ती वरच्या बाजूला सापडतात, तिथे वसुली कधीच नीट झालेली नसते आणि शिपाई बिचारा दारोदार शिव्या खात फिरतो.

ग्रामसभेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायचं आहे. कोरम 15 टक्के मतदारांचा किंवा 100 जणांचा, जो कमी असेल तो. तो भरला नाही की सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही सोय अडचणीसाठी ठेवलेली, पण तिचीच वहिवाट झाली आहे : पहिली सभा मुद्दाम गैरसोयीच्या वेळी ठेवायची, तहकूब करायची, मग दहा-बारा माणसांत सगळे ठराव मंजूर आणि सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरवायचं. एकाच शाईत, एकाच हाताने केलेल्या पंधरा-वीस सह्या मी पाहिल्या आहेत. तू दवंडी नीट दे, व्हॉट्सॲपवर नोटीस टाक, बायकांची सभा आदल्या दिवशी खरोखर घे आणि त्यांनी काय मागितलं ते दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत तू स्वतः वाचून दाखव. जमाखर्चही वाच. लोक कंटाळतील, "पुढे चला" म्हणतील, तरी वाच. हिवरे बाजारचं उदाहरण तू ऐकलंच असशील. जेमतेम 400 मिलिमीटर पावसाचं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तिथे पाणलोटाची कामं झाली, झाडं लागली, ते सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती तिथली पाण्याच्या ताळेबंदाची रीत. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यावर कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांनी मान्य केलं. स्वतःच्या रानात बोअर न घेणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तुला मी काय सांगू! लोक एवढा त्याग करतात, कारण आकडे त्यांच्यासमोर मांडलेले असतात आणि नियम सगळ्यांना सारखा असतो. तुझ्याकडे तेवढं मोठं काम लगेच उभं राहणार नाही. पण आकडा लपवायचा नाही ही सवय पहिल्या सभेपासून लावता येते.

मतभेदाचं विचारलं होतंस. विरोधी गटाचे चार सदस्य निवडून आले आहेत, ते प्रत्येक ठरावाला आडवे येतील याची तुला धास्ती वाटते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट ध्यानात ठेव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव ते, देवाजी तोफांचं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. सगळ्यांचं पटेपर्यंत चर्चा चालू राहते. त्याच्या जोडीला त्यांचा अभ्यासगट असतो : विषय आधी समजून घ्यायचा, माहिती जमवायची, मग ग्रामसभेत बोलायचं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तो वर्षानुवर्षांच्या अशा बैठकांच्या जोरावर. तुझं गाव मोठं, दोन गटांत विभागलेलं, तिथे प्रत्येक गोष्ट सहमतीने होईल असं मी म्हणणार नाही. काही वेळा मतदान घ्यावंच लागेल. पण ठराव मांडण्याआधी विरोधातल्या सदस्याच्या घरी जाऊन त्याची हरकत पूर्ण ऐकून घेणं तुझ्या हातात आहे. मध्ये न बोलता ऐकायचं, आणि त्याचं म्हणणं प्रोसिडिंगमध्ये त्याच्या शब्दांत लिहायला लावायचं. हरकत नोंदवलेला ठराव मला तपासणीत नेहमी जास्त विश्वासाचा वाटतो.

एक जुनी गोष्ट सांगायची आहे, कारण चूक कबूल करायची वेळ तुझ्यावरही येणारच. 1897 साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. वय अवघं एकतीसच्या आसपास. इकडे पुण्यात प्लेग, सोल्जर घरात घुसून तपासणी करतायत, लोक संतापलेले. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून गोखल्यांनी तिथे सांगितलं, की सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. मोठी खळबळ माजली. ते परत आले तेव्हा हा आरोप सिद्ध करायला कुणी पुढे येईना. गोखल्यांना म्हणता आलं असतं, की मला लिहिणाऱ्यांनी चुकीचं लिहिलं. त्यांनी दोष स्वतःकडे घेतला आणि जाहीर माफी मागितली. ती राज्यकर्त्यांकडे मागितलेली माफी होती, त्यामुळे आपल्याच माणसांत केवढी नामुष्की झाली असेल, कल्पना कर. अनेकांनी त्यांना भित्रं ठरवलं. मला मात्र त्यात भित्रेपणा कुठे दिसत नाही. जे बोललो ते पुराव्याने दाखवता येत नाही, एवढं कळल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दोन वर्षांनी ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, 1905 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि पुढे त्यांच्या अर्थसंकल्पावरच्या भाषणांतले आकडे सरकारलाही गांभीर्याने घ्यावे लागत. तुझ्या हातून चुकीची यादी मंजूर झाली, घरकुलात एखाद्या गरजू माणसाचं नाव सुटलं, तर पुढच्याच सभेत उभी राहून सांग. भाऊसाहेबांवर ढकलू नकोस, जरी चूक त्यांची असली तरी. त्यांना काय बोलायचं ते ऑफिसात बोल.

अजून एक. "बघू" म्हणायची सवय लावून घेऊ नकोस. पुढारी माणसं या एका शब्दावर आयुष्य काढतात. होणार नसेल तर त्याच दिवशी "नाही" सांग आणि का नाही तेही सांग. होणार असेल तर वहीत लिही : कोण आलं, काय काम, कधीपर्यंत. तुझी ती दहावीपासूनची हिशेबाची वही लिहायची पद्धत मला अजून आठवते, तीच इथे कामाला येईल. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं ती वही उघडायची. ज्याला दिलेला शब्द राहिला असेल त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः फोन करायचा, त्याने करायच्या आधी.

थकशील, हेही माहीत आहे. लोक घरी येऊन बसतील, मुलीचा अभ्यास मागे पडेल, कुणीतरी फेसबुकवर वाटेल ते लिहील. असं झालं की मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. तक्रार ऐकायला कुणीतरी हवं असतं आणि ते गावाबाहेरचं असलेलं बरं.

ग्रामपंचायत अधिनियमाची मराठी प्रत कुरिअरने पाठवली आहे. सदस्याचं पद कशाने जातं ते सांगणारं कलम 14 आधी वाच, मग ग्रामसभेबद्दलचं कलम 7. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण कर, दिवाळीत मी येईन तेव्हा बसून बघू. सासूबाईंना नमस्कार सांग, भाऊजींना आणि छोटीला आठवण.

तुझी,
वैशाली

ता. क. पदभार घेशील त्या दिवशी दप्तराची यादी करून देणाऱ्याची आणि तुझी, अशा दोघांच्या सह्या घे. रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक त्याच बैठकीत ताडून बघ. फरक निघाला तर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत तिथेच लिहून घे. "उद्या जुळवून देतो" म्हणाले तरी थांबू नकोस.