इतिहासाला हसू वर्ज्य का?

माननीय संपादक महोदय,

इतिहास, अद्भुत, प्रणय आणि विनोद एकत्र आणणाऱ्या कादंबऱ्यांना ‘हलकेफुलके वाचन’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरी बहुतांशी वीररसातच रमली, हे खरे. परंतु गोव्यात जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात १८८२ सालचे ‘संगीत सौभद्र’ पाहणारा प्रेक्षक, काळ पुराणातला असला तरी, हेच मिश्रण पिढ्यानपिढ्या चवीने घेत आला आहे: घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून नेतो आणि संन्यासी बनलेल्या अर्जुनापुढे बलराम भक्तिभावाने हात जोडतो. आमच्या शेजारच्या आजी तो प्रसंग पाठ असूनही दरवेळी पदर तोंडाशी धरून हसत. शेवटी लग्न होणारच हे ठाऊक असल्याने जीव टांगणीला लागत नाही आणि सगळे लक्ष शाब्दिक चकमकींकडे राहते. (राक्षस आणला म्हणून लेखकाला पोशाख-नाण्यांचे तपशील चुकवण्याची मुभा मात्र मिळत नाही.)

झुआरीकाठच्या गोपकपट्टण या गोव्याच्या जुन्या राजधानीत, कदंब राजांच्या काळात घडणारी अशी एखादी कादंबरी कोणी लिहिलीच, तर मी ती पहिल्या दिवशी विकत घेईन.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा