‘घेऊ का मी?’ असे विचारणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

लसीकरणासाठी वाडीवर आला असताना आपण आमच्या अंगणात जेमतेम अर्धा तास थांबलात. पण त्या अर्ध्या तासाचे ऋण बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मुंगसाने कोंबडी नेली तेव्हा तिची बारा पिले चार दिवसांची होती. भाताचे तूस पसरलेल्या खोक्यात दिव्याखाली आम्ही ती ठेवली. पाटणच्या त्या थंडीत रात्री वीज गेली आणि पहाटे सर्वांत लहान पिलू इतरांच्या ढिगाखाली निपचित सापडले. माझ्या आठ वर्षांच्या नातवाने निजण्यापूर्वी त्याला कुरवाळले होते, म्हणून ते आपल्याच हातून मेले असे त्याने मनाशी घेतले आणि ते मुठीत धरून बसला. शेजारी म्हणाले, “एवढ्याशा पिलाचे काय सुतक पाळायचे?” औषधाच्या दुकानदाराने काही न विचारता पावडरची पुडी पुढे केली. आणि मी, सांगायला लाज वाटते, त्याची बोटे उकलून पिलू काढून घेऊ पाहत होतो.

आपण त्याच्यासमोर उकिडव्या बसलात आणि विचारलेत, “घेऊ का मी?” तो बोलला नाही, तर आपणही हात पुढे केला नाहीत, नुसत्या बसून राहिलात. बऱ्याच वेळाने त्याने आपणहून मूठ उघडली. म्हैस गेली तर सारा गाव भेटायला येतो आणि पिलासाठी रडणाऱ्याला हसतो. दुःख वजनावर मोजण्याच्या या रीतीत आपला तो न पुढे आलेला हात मला फार मोठा वाटला.

“तुझ्यामुळे नाही गेले,” एवढ्यावर आपण त्याची बोळवण केली नाहीत. पहिल्या आठवड्यात पिलांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, ती गेली की ती एकमेकांवर चढतात आणि तळाचे गुदमरते, हे त्याला समजावून सांगितलेत. दिव्याखाली दाटली तर गारठली आहेत, कडेला पळाली तर उकडते आहे, विखुरली तर सुखात आहेत, हे आता त्याला पाठ आहे.

त्यानंतर चारच दिवसांनी पुन्हा वीज गेली. मला जाग आली तेव्हा आजीकडून गरम पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन नातू त्या फडक्यात गुंडाळत होता. सकाळी अकराही पिले खोकाभर विखुरलेली होती.

आपला ऋणी,
एक आजोबा