लघुग्रह ‘सापडला’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शाळकरी मुलांनी लघुग्रह शोधल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. गेल्या आठवड्यात आपल्या अंकातही तशी एक होती. परळच्या आमच्या गच्चीवरून सप्तर्षींतले सात मोजता येत नाहीत आणि ही मुले हवाईमधल्या दुर्बिणीची छायाचित्रे संगणकावर एकामागून एक लावून सरकणारा ठिपका हुडकतात. कौतुक आहेच. पण बातमीत ‘आता या लघुग्रहाला शाळेचे नाव मिळणार’ असे वाचले आणि राहवेना.

दिसलेला ठिपका ही सुरुवात असते. माटुंग्याच्या पुलावरून एखादी फास्ट लोकल जाताना पाहिली, तर ती कसाऱ्याची की कर्जतची हे सांगता येईल का? ती कल्याणच्या पुढे कुणाला तरी दिसावी लागते. लघुग्रहाचेही तसेच. चार रात्रींच्या नोंदींत अनेक वेगवेगळ्या कक्षा बसू शकतात. काही वर्षांनी तो पुन्हा दिसला, कक्षा पक्की झाली, की मग क्रमांक मिळतो आणि नावाचा विषय त्यानंतर.

पहिल्याच लघुग्रहाने हा धडा दिला होता. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मोत खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झींना सेरेस दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी २४ नोंदी घेतल्या, मग तो सूर्याच्या तेजात गेला आणि हरवला. २४ वर्षांच्या गाऊस या जर्मन गणितज्ञाने तेवढ्या तुटपुंज्या नोंदींवरून कक्षा मांडली आणि ३१ डिसेंबरला तो त्या गणिताच्या जवळपासच सापडला. शोधाचे श्रेय पियाझ्झींचे, यात वाद नाही. पण गाऊस नसता तर?

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी शोधलेला ६७ क्रमांकाचा लघुग्रह. या खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नाव ‘एशिया’. लघुग्रह शोधायला छायाचित्रण अजून वापरात नव्हते, नकाशातले तारे आणि दुर्बिणीतले तारे डोळ्यांनी ताडून पाहायचे, एवढेच हाती. त्याचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या २.४२ पट. या आकड्याचा घन करून वर्गमूळ काढा, ३.७६ येते. केप्लरच्या नियमाने तेवढ्या वर्षांत, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षांत, तो सूर्याभोवती एक फेरी मारतो. कक्षा बरीच लंबगोल आणि पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ६ अंशांनी कललेली. तरी तो आपल्यापासून चौदा कोटी किलोमीटरच्या आत येत नाही. (‘पृथ्वीच्या दिशेने झेपावतोय’ छापाचे मथळे देणाऱ्यांनी हेही वाचावे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातले लाखो लघुग्रह आपल्या वाटेला जात नाहीत.)

मुंबईकरांना जवळचे वाटेल असे नाव म्हणजे ‘पंडितजसराज’. हाही याच पट्ट्यातला. नोव्हेंबर २००६ मध्ये दिसला तेव्हा त्याचे तात्पुरते नाव होते ‘२००६ व्हीपी ३२’. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढचे अक्षर आणि आकडा उलगडले तर त्या पंधरवड्यातला तो ८१५वा निघतो. पंधरा दिवसांत आठशेवर! नाव जाहीर झाले २०१९ मध्ये, तब्बल तेरा वर्षांनी. क्रमांक ३००१२८, म्हणजे पंडितजींची २८ जानेवारी १९३० ही जन्मतारीख उलटी वाचलेली.

तेव्हा एवढीच विनंती की अशी बातमी देताना नोंद प्राथमिक आहे, तात्पुरते नाव मिळाले आहे की क्रमांक, हे एका ओळीत छापावे. मुलांनाही ते ठाऊक असू द्या. नाहीतर पुढच्या वर्षी ‘आमचा ग्रह कुठे गेला’ म्हणून ती शिक्षकांना विचारतील. आपल्या बातमीचे कात्रण मी ठेवले आहे. पाच-सात वर्षांनी त्या ठिपक्याला क्रमांक मिळाला, तर तेही जरूर छापा. फोटो छोटा असला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, परळ, मुंबई